नंबर ब्लॉक करूनही फसवे फोन आणि मेसेज थांबत नाहीत, तेव्हा काय करावे

"अहो, मी रोज चार-पाच नंबर ब्लॉक करतो, तरी हे फोन येतच राहतात. माझ्याच फोनात काही बिघाड आहे का?" नाशिकरोडला जेल रोड भागातल्या आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या रविवारच्या बैठकीत हा प्रश्न कोणी ना कोणी विचारतोच. बँकेतून निवृत्त झाल्यापासून मी तिथे लोकांचे फोन पाहून देतो, त्यामुळे हा प्रश्न मी शेकडो वेळा ऐकला आहे. फोनात बिघाड नसतो, आणि विचारणाऱ्याची चूकही नसते. नंबर ब्लॉक केला की तेवढा एक नंबर थांबतो, परंतु फसवणूक करणाऱ्यांच्या धंद्यात नंबर ही सर्वात स्वस्त वस्तू असते. दुसऱ्याच्या कागदपत्रांवर घेतलेली सिमकार्डे त्यांच्याकडे गठ्ठ्याने असतात, एकाच वेळी अनेक सिमकार्डे चालवणारी सिमबॉक्स नावाची यंत्रे असतात, आणि परदेशातून इंटरनेटवरून केलेला फोन पडद्यावर भारतीय नंबर म्हणून दाखवण्याची युक्तीही असते. असे बनावट नंबर दाखवणारे परदेशी फोन मध्येच अडवण्याची यंत्रणा दूरसंचार विभागाने ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू केली आणि त्याचा उपयोगही झाला, परंतु देशातल्या देशात फिरणाऱ्या सिमकार्डांचा प्रश्न त्यामुळे सुटत नाही.

दुसरे कारण असे की आपण तीन वेगवेगळ्या त्रासांना एकाच नावाने ओळखतो आणि तिन्हींवर एकच उपाय करून पाहतो. दूरसंचार कंपन्यांकडे नोंदणी करून जाहिराती पाठवणाऱ्या कंपन्यांचे मेसेज, नोंदणी न करता साध्या दहा आकडी मोबाइलवरून प्लॉट आणि कर्ज विकणाऱ्यांचे फोन, आणि पैसे लुबाडण्यासाठी केलेले फोन यांचा उपाय वेगवेगळा आहे. म्हणून आधी आपल्याला होणारा त्रास यांपैकी कोणता, ते ठरवावे.

जाहिरातींचे मेसेज

हा त्रास सर्वात सोपा आहे आणि एका मेसेजने पुष्कळसा कमी होतो. इंग्रजी अक्षरांत "स्टार्ट" लिहून जागा सोडून शून्य टाकावे आणि तो मेसेज १९०९ या क्रमांकावर पाठवावा, किंवा १९०९ ला फोन करून सांगितले तसे पर्याय निवडावेत. शून्याचा अर्थ सर्व प्रकारच्या जाहिराती बंद. ज्यांना काही ठरावीक विषयांच्या जाहिराती चालतात त्यांना बँकिंग, घरबांधणी, शिक्षण, आरोग्य अशा वर्गवारीप्रमाणेही निवड करता येते. बँकेचे व्यवहाराचे मेसेज आणि ओटीपी यांमुळे बंद होत नाहीत. ही भीती मनात धरून अनेक जण जाहिराती बंद करण्याची ही नोंदणी टाळतात, म्हणून मुद्दाम सांगतो.

नोंदणीनंतरही एखाद्या दुकानाचे किंवा कंपनीचे मेसेज येत राहिले, तर बहुधा आपणच कधीतरी संमती दिलेली असते. कॉलेज रोडवरच्या एखाद्या प्रदर्शनात सोडतीच्या कुपनावर नाव आणि नंबर लिहून ते डब्यात टाकताना खालच्या बारीक अक्षरांतल्या ओळी कोणी वाचत नाही. ती संमती मागे घेता येते, आणि जाहिरातीच्या मेसेजमध्ये तसा मार्ग देणे आता पाठवणाऱ्यावर बंधनकारक आहे.

मेसेज कोणाकडून आला हे ओळखण्याची एक खूण प्रत्येकाने शिकून घ्यावी. नोंदणीकृत संस्थेचा मेसेज दहा आकडी मोबाइल नंबरावरून येत नाही, तो इंग्रजी अक्षरांच्या एका गटाच्या नावाने येतो आणि त्याला हेडर म्हणतात. त्यातले पहिले अक्षर दूरसंचार कंपनीचे, दुसरे सेवाक्षेत्राचे, मग आडवी रेघ आणि त्यानंतर संस्थेचे संक्षिप्त नाव असते. ट्राय, म्हणजे दूरसंचार क्षेत्राची नियामक संस्था, तिने फेब्रुवारी २०२५ मध्ये नियमांत केलेल्या दुरुस्तीनंतर या नावाच्या शेवटी आणखी एक अक्षर जोडले गेले आहे: पी म्हणजे जाहिरात, एस म्हणजे सेवा, टी म्हणजे व्यवहार आणि जी म्हणजे सरकारी. वीज तोडण्याची, खाते गोठवण्याची किंवा पेन्शन थांबवण्याची धमकी देणारा मेसेज साध्या दहा आकडी नंबरावरून आला असेल, तर मजकूर वाचण्याआधीच तो खोटा धरून चालावे.

प्लॉट, कर्ज आणि क्रेडिट कार्डाचे फोन

नाशिकमध्ये २०२७ चा सिंहस्थ जवळ येऊ लागल्यापासून त्र्यंबक रस्त्यावरच्या आणि समृद्धी महामार्गालगतच्या प्लॉटचे फोन फार वाढले आहेत. हे लोक बहुतेक वेळा चोर नसतात, परंतु नोंदणी न करता खासगी मोबाइलवरून व्यापारी फोन करणे नियमांच्या विरुद्ध आहे. जाहिरातीच्या फोनसाठी १४० ने सुरू होणारी मालिका राखून ठेवलेली आहे, आणि बँका, विमा कंपन्या व सरकारी खाती यांच्या सेवाविषयक फोनसाठी १६०० ने सुरू होणारी मालिका ठरवलेली आहे. साध्या मोबाइलवरून "मी तुमच्या बँकेतून बोलतोय" असे कोणी म्हणाले, तर एवढी एक गोष्ट लक्षात ठेवली तरी पुष्कळ काम होते.

अशा फोनांची तक्रारही १९०९ वरच करायची असते. मजकुरात फोन कशाबद्दल होता ते थोडक्यात लिहावे आणि पुढे स्वल्पविराम देत तो नंबर व तारीख लिहावी. हेच काम आपल्या सिमकार्डाच्या कंपनीच्या ॲपवरून किंवा ट्रायच्या डीएनडी ॲपवरूनही होते. पूर्वी तक्रारीसाठी तीनच दिवस मिळत, आता सात दिवस मिळतात, आणि जाहिराती बंद करण्याची नोंदणी आधी केलेली नसली तरी तक्रार घेतली जाते. नोंदणी नसलेल्या नंबराविरुद्ध पाच दिवसांत कारवाई व्हावी असा नियम आहे, आणि दहा दिवसांत पाच तक्रारी आल्या की कारवाई सुरू होते. पूर्वी ही अट सात दिवसांत दहा तक्रारींची होती. यातूनच ब्लॉक करणे आणि तक्रार करणे यांतला फरक कळतो: ब्लॉक केल्याने तो नंबर फक्त माझ्यापुरता बंद होतो, तक्रार केल्याने त्याचे जाणारे फोन बंद होऊ शकतात. आमच्या संघात आता ठरलेलेच आहे की एकाच नंबरावरून पाच जणांना फोन आला असेल, तर पाचही जणांनी बैठकीत बसल्या बसल्या तक्रार पाठवायची आणि मगच चहा घ्यायचा.

"अनोळखी फोन उचलूच नका" हा सल्ला कोणाला लागू पडत नाही

हा सल्ला सर्रास दिला जातो, आणि तो देणाऱ्यांना नाशिक जिल्ह्यातल्या माणसांचे पोट कशावर चालते याची कल्पना नसावी असे मला वाटते. द्राक्षाच्या हंगामात पिंपळगाव, दिंडोरी, निफाडच्या बागायतदाराला रोज नव्या व्यापाऱ्याचा, ट्रकवाल्याचा, पेट्या आणून देणाऱ्याचा फोन येतो आणि त्यातला एकही नंबर त्याच्या फोनात नोंदलेला नसतो. लासलगावच्या बाजारात कांदा घेऊन गेलेल्या शेतकऱ्याची तीच गत. अंबड-सातपूरच्या लहान कारखानदाराला नवीन गिऱ्हाईक अनोळखी नंबरावरूनच मिळते, आणि ज्यांची मुले पुण्यात किंवा परदेशात आहेत त्या म्हाताऱ्या आईबापांना तर न उचललेला फोन रात्रभर झोपू देत नाही. या लोकांनी फोन उचलावा. उचलल्यावर पहिल्या अर्ध्या मिनिटात काय करायचे, हे मात्र ठरवून ठेवावे.

नियम असा पाळावा: समोरच्याने फोन कशासाठी केला ते ऐकून घ्यावे, परंतु पैसे, ओटीपी, आधार, पॅन, बँक, पोलीस, लिंक, ॲप किंवा स्क्रीन शेअर यांपैकी एकही शब्द निघाला, तर "मी नंतर फोन करतो" एवढेच बोलून फोन ठेवावा. वाद घालू नये, त्याला फसवणूक समजावून सांगू नये, शिव्या देऊ नयेत. मग त्या संस्थेचा नंबर आपल्याकडच्या कागदावरून घ्यावा, म्हणजे बँकेचा पासबुकावरून किंवा कार्डाच्या मागून, विजेचा छापील बिलावरून, आणि आपण स्वतः फोन करून विचारावे. हा नंबर गूगलवर शोधू नये, कारण बँकांच्या आणि कुरिअर कंपन्यांच्या नावाने खोटे ग्राहकसेवा क्रमांक तिथे पेरून ठेवलेले असतात. पडद्यावर दिसणाऱ्या नावावरही विसंबू नये. ट्रूकॉलरसारख्या ॲपमधले नाव लोकांनी भरलेल्या माहितीतून येते, तेव्हा तिथे "सायबर पोलीस" असे नाव आणि व्हॉट्सॲपवर वर्दीतला फोटो लावणे कोणालाही जमते.

ज्यांचे काम अनोळखी फोनांवर अवलंबून नाही, त्यांनी फोनमधलीच सोय वापरावी. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये प्रायव्हसीत जाऊन कॉल्सखाली अनोळखी कॉलर सायलेंट करण्याचे बटण चालू केले, की परदेशी नंबरांवरून येणारे बहुतेक व्हिडिओ कॉल वाजत नाहीत, फक्त यादीत दिसतात. साध्या फोनसाठी अँड्रॉइडमध्ये कॉलर आयडी आणि स्पॅमची सेटिंग असते आणि आयफोनमध्ये अनोळखी फोन गप्प ठेवण्याची. जाता जाता आणखी एक काम करून घ्यावे: सेटिंगमध्ये "अनोळखी ॲप इन्स्टॉल करणे" अशी जी परवानगी असते, ती व्हॉट्सॲप आणि क्रोम या दोहोंसाठी बंद आहे का ते पाहावे. हे दोन मिनिटांचे काम आहे, आणि ते आधी केले असते तर पुढे सांगतो तो प्रसंग आमच्या घरी घडला नसता.

एका शनिवारी संध्याकाळी

आमचे दाजी प्रेसमधून, म्हणजे नाशिकरोडच्या सरकारी छापखान्यातून, निवृत्त झालेले, हिशेबाला चोख, लाइट बिल हातात पडल्याच्या दुसऱ्या दिवशी भरणारे. एका शनिवारी संध्याकाळी सातच्या सुमारास त्यांना मेसेज आला की मागील महिन्याचे बिल अपडेट झालेले नसल्यामुळे आज रात्री साडेनऊ वाजता तुमचा वीजपुरवठा तोडला जाईल, तरी ताबडतोब वीज अधिकाऱ्याशी संपर्क साधावा. खाली दहा आकडी मोबाइल नंबर होता. या मजकुरातला "अपडेट झालेले नाही" हा शब्दप्रयोग मी पुढे अनेकांच्या फोनात पाहिला, आणि त्यात किती विचार आहे ते माझ्या हळूहळू ध्यानात आले. बिल भरलेच नसते तर दाजींनी ते मुकाट्याने भरले असते. भरलेले होते म्हणूनच त्यांना राग आला, आणि भरल्याची पावती समोर ठेवून त्यांनी जाब विचारायला स्वतःहून फोन केला. प्रामाणिक माणसाच्या रागाला धरून लावलेला हा सापळा आहे.

पलीकडचा माणूस अतिशय नम्र होता. "काका, तुमचे पेमेंट आले आहे, फक्त सिस्टिमला दिसत नाही. दहा रुपये भरून अपडेट करून घ्या, मी लाइनवर आहे," असे म्हणून त्याने व्हॉट्सॲपवर एक फाइल पाठवली. तिच्यावर महावितरणचे चिन्ह होते आणि नावाच्या शेवटी एपीके अशी अक्षरे होती, म्हणजे ती उघडली की फोनात नवे ॲप बसते. फोनने दोनदा धोक्याची सूचना दिली, तेव्हा तो म्हणाला की सरकारी ॲप असल्यामुळे असे येते, परवानगी द्या. दाजींनी मेसेज वाचण्याची परवानगी दिली, कार्डाचे आकडे भरले, दहा रुपये गेले. त्यानंतर बँकेचे ओटीपी त्यांच्या फोनवर येत होते, पण त्यांना दिसण्याआधीच ते ॲप त्यांची नक्कल पुढे पाठवून मूळ मेसेज पुसून टाकत होते. ताईने पाहिले तेव्हा फोन गरम झालेला होता आणि पडदा आपोआप हलत होता. तिने मला फोन केला.

मी पहिले वाक्य बोललो ते असे: "ताई, दाजींच्या फोनवरचे विमानाचे चिन्ह दाब, आणि तुझ्या फोनवरून १९३० लाव." हा क्रम महत्त्वाचा आहे. विमान मोड चालू केला की ते ॲप बाहेर काही पाठवू शकत नाही, आणि तक्रारीचा फोन दुसऱ्या मोबाइलवरून केला की त्यासाठी चोराच्या ताब्यातला फोन पुन्हा चालू करावा लागत नाही. घाबरून फोन फॉरमॅट करण्याची घाई मात्र करू नये, कारण तो नंबर, ती फाइल आणि तो संवाद हाच पुरावा असतो. दुसऱ्या फोनने त्यांचे फोटो काढून ठेवावेत.

१९३० ही राष्ट्रीय सायबर गुन्हे मदतवाहिनी आहे आणि तिचा उपयोग पहिल्या तासात सर्वात जास्त होतो. चोरलेली रक्कम एका खात्यात थांबत नाही. भाड्याने घेतलेल्या खात्यांतून ती तुकडे होत पुढे सरकते आणि कुठेतरी एटीएममधून बाहेर पडते. मदतवाहिनीवर नोंद झाली की ती माहिती संबंधित बँकांना जाते आणि रक्कम ज्या खात्यात त्या क्षणी असेल तिथे रोखून धरता येते. फोनवर खाते कोणत्या बँकेत आहे, खाते क्रमांक, किती रक्कम, किती वाजता आणि व्यवहाराचा संदर्भ क्रमांक हे विचारतात. यूपीआयचा हा क्रमांक बारा आकडी असतो. दाजींच्या खात्यातून तीन व्यवहार झाले होते. पहिले दोन, प्रत्येकी २४,९९९ रुपयांचे, तोवर हातचे गेले होते. तिसरा ३६,००० रुपयांचा समोरच्या बँकेत रोखला गेला. लाइन पहिल्या दोन वेळा व्यस्त लागली म्हणून ताईने सोडून दिले असते तर तोही गेला असता, तेव्हा लाइन लागेपर्यंत लावत राहावे आणि त्याच वेळी दुसऱ्या कोणी सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन या संकेतस्थळावर तक्रार भरायला घ्यावी.

बँकेला कळवणे हे वेगळे काम आहे आणि तेही त्याच रात्री करावे. शनिवारी संध्याकाळी बँकेच्या शाखेतल्या एका ओळखीच्या माणसाने "सोमवारी या, बघू" असे सांगितले, आणि मी बँकेतच आयुष्य काढलेला असल्यामुळे मला त्या उत्तराचे फार वाईट वाटले. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे ग्राहकाच्या चुकीमुळे पैसे गेले असले, तरी बँकेला कळवल्यानंतर झालेले नुकसान बँकेचे असते. म्हणजे कळवल्याची वेळ नोंदली जाणे हाच ग्राहकाचा मोठा आधार आहे. शाखा बंद असली तरी कार्डाच्या मागचा चोवीस तासांचा क्रमांक चालू असतो. तिथे कार्ड, यूपीआय आणि नेटबँकिंग बंद करायला सांगून तक्रार क्रमांक लिहून घ्यावा आणि सोमवारी लेखी अर्जाची पोच घ्यावी. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा ते पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते.

फोन स्वच्छ करण्याचे काम यानंतर करावे. ते ॲप नेहमीसारखे काढता येत नसेल तर सेटिंगमध्ये डिव्हाइस ॲडमिन आणि ॲक्सेसिबिलिटी या दोन ठिकाणी त्याला दिलेली परवानगी आधी काढावी लागते. त्यानेही जमले नाही तर, पुरावे जपून ठेवल्यावर, फॅक्टरी रीसेट करावे, म्हणजे फोन पुसून नव्यासारखा करावा. ईमेल, बँक आणि यूपीआयचे पासवर्ड व पिन दुसऱ्या फोनवरून बदलावेत, व्हॉट्सॲपमध्ये लिंक केलेली उपकरणे तपासून अनोळखी असतील ती काढावीत, आणि कॉल फॉरवर्डिंग बंद आहे याची खात्री करावी. स्टार ४०१ ने सुरू होणारा कोड दाबायला लावून आपले फोन त्यांच्या नंबरावर वळवून घेण्याची युक्ती मध्यंतरी इतकी पसरली होती की दूरसंचार विभागाने १५ एप्रिल २०२४ पासून अशा कोडने फोन वळवण्याची सोयच थांबवायला लावली. तरीही फोनच्या सेटिंगमध्ये एकदा डोकावून पाहावे.

पोलीस ठाण्यात जाताना हद्दीची काळजी करू नये. नाशिक शहर आणि नाशिक ग्रामीण यांची सायबर पोलीस ठाणी स्वतंत्र आहेत, आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कोणत्या हद्दीत घडला हे न पाहता माहिती नोंदवून घ्यायची असते. फसवणुकीचे कलम भारतीय न्याय संहितेत ३१८ आहे आणि फोन किंवा संगणकाच्या साहाय्याने दुसऱ्याचे सोंग घेऊन फसवल्याचे माहिती तंत्रज्ञान कायद्यात ६६ ड आहे. पासबुकाचा उतारा, मेसेजचे छापील फोटो आणि १९३० चा पोच क्रमांक सोबत न्यावा.

सोंग बदलते, मागणी तीच असते

महावितरणची भीती ओळखीची झाली की तेच लोक दुसऱ्या खात्याच्या नावाने येतात. वाहतुकीच्या दंडाचे ई-चलान, लग्नाची पत्रिका, पीएम किसानचा हप्ता या नावांनी एपीके फाइली फिरतात. खरे चलान राज्याच्या वाहतूक पोलिसांच्या संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकून पाहता येते, त्यासाठी कोणतीही फाइल उघडावी लागत नाही. नोव्हेंबरात पेन्शनरांना हयातीच्या दाखल्याचे फोन येतात, आणि आमच्या भागात प्रेसचे आणि बँकांचे पेन्शनर इतके आहेत की त्या महिन्यात मी रविवारच्या बैठकीत दुसरा विषयच काढत नाही. हयातीचा दाखला फोनवर ओटीपी सांगून कोणी देत नाही. तो बँकेत जाऊन, टपाल खात्याच्या माणसाला घरी बोलावून किंवा जीवन प्रमाण ॲपवर स्वतःचा चेहरा दाखवून द्यायचा असतो. यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी असतो, घेण्यासाठी कधीच लागत नाही. जुना सोफा विकायला काढलेल्या सिडकोतल्या एका मावशींना "पैसे पाठवतो, पिन टाका" असे सांगणारा भेटला होता, आणि त्यांनी शेजारच्या मुलीला विचारले म्हणून त्या वाचल्या.

सर्वात वाईट प्रकार डिजिटल अटकेचा आहे. "ट्रायमधून बोलतोय, दोन तासांत तुमचा नंबर बंद होणार, नऊ दाबा" इथून तो सुरू होतो, मग आपल्या आधारवर मुंबईत सिमकार्ड घेतल्याचे सांगतात, मग व्हिडिओ कॉलवर वर्दीतला माणूस येतो आणि खोलीचे दार लावून कॅमेऱ्यासमोर बसून राहायला सांगतो. ट्राय कोणत्याही ग्राहकाला असा फोन करत नाही. कोणत्याही कायद्यात फोनवरून अटक नाही, आणि तपासासाठी आपली ठेव "सरकारी खात्यात" वळवा असे कोणतीही तपास यंत्रणा सांगत नाही. पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ च्या "मन की बात"मध्येही हे सविस्तर सांगितले होते. या प्रकारात माणसाला एकटे पाडले जाते, "घरात कोणाला सांगू नका" हे वाक्य दर दहा मिनिटांनी बोलले जाते, म्हणून मी घराघरांत एकच सांगतो: असे वाक्य ऐकले की त्या क्षणी खोलीचे दार उघडून घरातल्या दुसऱ्या माणसाला हाक मारा, शेजाऱ्याला मारा, जिन्यात उभे राहून मारा. एकट्या राहणाऱ्या आमच्या सभासदांकडे त्यासाठी दोन शेजाऱ्यांचे नंबर मोठ्या अक्षरांत भिंतीवर लावलेले आहेत.

पैसे गेलेले नाहीत, परंतु असा फोन किंवा मेसेज आला, तर त्याची माहिती दूरसंचार विभागाच्या संचार साथी संकेतस्थळावर किंवा ॲपवर "चक्षू" या भागात द्यावी. पैसे गेले असतील तर मात्र चक्षूवर वेळ न घालवता १९३० लावावा. त्याच संचार साथीवर आपल्या नावावर किती मोबाइल नंबर चालू आहेत हे पाहता येते. एका माणसाला महाराष्ट्रात जास्तीत जास्त नऊ जोडण्या घेता येतात, आणि यादीत आपण न घेतलेला नंबर दिसला तर तो आपला नाही असे तिथेच कळवता येते. दाजींच्या यादीत त्यांनी कधीही न पाहिलेला एक नंबर निघाला. आधारची झेरॉक्स कुठे दिली होती ते त्यांना आठवेना.

या प्रकरणानंतर त्यांना येणारे फोन कमी न होता काही आठवडे वाढले. एकदा फसलेल्या माणसाचा नंबर पुढे विकला जातो, आणि हातचे गेलेले परत मिळवण्याची त्याची तळमळ हेच नव्या फसवणुकीचे भांडवल असते. महिन्याभराने दाजींना फोन आला: "सायबर शाखेतून बोलतोय, तुमचे छत्तीस हजार रोखलेले आहेत, ते सोडवण्यासाठी अठराशे रुपये फाइल चार्ज भरा." रोखलेली रक्कम परत मिळवण्यासाठी कोणालाही यूपीआयवर पैसे द्यावे लागत नाहीत, हे त्यांना माहीत होते. त्यांनी त्या माणसाला तक्रारीचा पोच क्रमांक विचारला. तो म्हणाला, "तुम्हीच सांगा." दाजींनी फोन ठेवला, वहीतून सायबर पोलीस ठाण्याचा नंबर काढला आणि स्वतः फोन करून विचारले. तिथून असा कोणताही फोन गेलेला नव्हता. त्या नंबराची माहिती त्यांनी त्याच दुपारी चक्षूवर भरली, आणि या वेळी मला बोलवावे लागले नाही.